बाकावर बसवलेली माणसं

इंदापूर तालुक्यात माणूस तोडायला कारण लागत नाही, आणि तोडलेलं माणूस सांभाळून ठेवणारा अख्ख्या तालुक्यात एकच आहे: आमचे फोटोवाले आबा. पत्रकं लिहून लिहून मला वाढवून बोलायची सवय लागली आहे हे खरं. पण आबांच्या बाबतीत तिची गरज पडत नाही.

एसटी स्टँडजवळ त्यांचा एका खोलीचा स्टुडिओ आहे. वस्तीवरच्या रस्त्यासाठी आमचा लढा चालू आहे, त्याचे फ्लेक्स करून घ्यायला मी तिथे जाते. "काय पुढारीण, आज कुणावर तुटून पडायचंय?" हे त्यांचं स्वागत. फ्लेक्स वाढदिवसाचा असो की श्रद्धांजलीचा, निम्मं काम माणसं काढायचं. बांधावरून भांडण झालं, मेव्हण्याला काढा. पॅनेल फुटलं, जिवलग मित्राला काढा. लोक रागाने लाल होऊन येतात आणि पडद्यावर बोट आपटून म्हणतात, "ह्याला उडवा!" आबा कुणाला उडवत नाहीत. टोपीपासून चपलेपर्यंत त्या माणसाच्या कडेकडेने माऊस फिरवतात, अलगद उचलतात आणि त्याच फोटोच्या वेगळ्या थरावर ठेवतात. काचेवर दुसरी काच ठेवावी तसा. मग ती फाईल 'बाकावर' नावाच्या फोल्डरमध्ये. वर पडद्यावरच्या त्या काढलेल्या माणसाचीच समजूत काढतात, "थोडं दिस हितं बसा, पाव्हणं. राग गेला की बोलावतील." मी एकदा यावर फिस्सकन हसले, तर आबा संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

वीस वर्षांत बाकावर बरीच गर्दी झाली आहे. परत बोलावणं आलेलं माझ्या पाहण्यात एकच. मेव्हण्याला हाकलणारा दाजी वर्षभराने ओशाळून आला, "आबा, हाय का हो तो अजून?" आबांनी एका क्लिकमध्ये मेव्हणा हजर केला, आणि पहिल्यापेक्षा जरा दाजीच्या जवळ सरकवून बसवला. पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी दुकानात पेढे आबांनीच वाटले. खाणारी मी एकटीच होते.

एकटेपणाचं म्हणाल तर आबांची खाट शटरमागेच, स्टोव्हही शटरमागेच. लग्न केलं नाही. दिवाळीत अख्खा बाजार बंद असताना यांचं दुकान उघडं. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "बाकावरच्यांकडं कोण बघंल?"

त्यांचा जुना कॉम्प्युटर मागल्या वर्षी धापा टाकायला लागला. नवा घ्यायचा, तर फोटो सुधारायचं जुन्या डिस्कवालं सॉफ्टवेअर नव्यावर चालेना. मग नवं कोणतं घ्यायचं हे ठरवायला आम्ही बारामतीच्या फेऱ्या सुरू केल्या. मला बरोबर नेण्याचं कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मला इचारता येतं, भांडता येत न्हाय."

तिथल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मॅडमनी दोन प्रकार दाखवले. एक साधं, स्वस्त, एकदाच घ्यायचं. दुसरं पूर्ण, पण भाड्याने. वर्ष संपलं की पुन्हा भरा. मी पेटलेच. "म्हणजे माणूस आयुष्यभर काम करणार आणि आपल्याच कामाचा भाडेकरू होणार? ही लूट आहे!" दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ताई, मग साधं घ्या ना."

आबांनी विचारलं, "साध्यात माज्या बाकावरची माणसं उघडतील का?"

"फोटो उघडेल आबा, पण थर राहणार नाहीत. वर दिसतंय तेवढंच."

"आन् खालचं?"

"खालचं जाईल."

आबांनी खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. त्यांना खूश करायला मॅडमनी पूर्ण सॉफ्टवेअरची करामत दाखवली. एका लग्नाच्या फोटोत कडेला उभ्या माणसावर बटण दाबलं. माणूस गेला, त्याच्या जागी मांडवाचा पडदा आला. मी टाळीच वाजवणार होते.

"त्यो कुठं गेला?" आबा म्हणाले.

"गेला."

"पर ठेवला कुठं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

बाहेर पडताना एकजण मागे लागला, पूर्ण सॉफ्टवेअर फुकटात टाकून देतो, सगळे असंच वापरतात. मी म्हटलं घ्या, लुटारूंना लुटलं तर पाप नाही. आबा थांबलेसुद्धा नाहीत. "चोरीच्या गाडीतनं पाव्हणं आणायचं व्हय?"

परतीच्या एसटीत मी त्यांना समजावत होते. साधं घ्या, सुटा यातून. वीस वर्षांत एक माणूस परत आला, बाकीच्यांसाठी भाडं कशाला? आबा खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघत म्हणाले, "बाकावर मीबी हाय."

त्यांचा थोरला भाऊ बारामतीपलीकडे माळेगावला असतो. गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीत दोघे दोन बाजूंना गेले. वडील वारल्यावर भावाने निरोप धाडला: श्रद्धांजलीला वडील आणि आपण दोघं असा तो तिघांचा फोटो पाहिजे, त्यातून तू तेवढा स्वतःला काढ.

"आणि तुम्ही काढलंत? स्वतः?"

"दुसऱ्यानं काढलं असतं तर वडलांचा हात कापला असता. हात माज्या खांद्यावर हुता की. मी निघालो, हात तसाच अधांतरी राहिला. मग त्याच्याखाली रिकाम्या खुर्चीची पाठ रंगवून दिली. तेवढं मातुर झ्याक जमलं."

माझ्याकडे प्रत्येक अन्यायाला घोषणा तयार असते. त्या दिवशी मी पिशवीतलं साध्या सॉफ्टवेअरचं माहितीपत्रक तेवढं चुरगळलं.

आबांनी वर्षाचं भाडं भरून पूर्णच घेतलं. नव्या कॉम्प्युटरवर एकेक फाईल उघडून पाहिली, माणसं मोजल्यासारखी. शेवटी तो तिघांचा फोटो. थराशेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबलं की आबा येत, पुन्हा दाबलं की त्यांच्या जागी रिकामी खुर्ची. तरुण, भांग पाडलेले, वडिलांच्या हाताखाली किंचित अवघडून बसलेले आबा. मी न राहवून म्हणाले, "द्या माझ्याकडे. आत्ता पाठवते तुमच्या दादांना."

"नगं. त्यानं मागितला तर."

"आणि नाहीच मागितला तर?"

आबा चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "अगं, वरीसभर चालतंय ते."

ते वर्ष या महिन्यात संपलं. काल आम्ही दोघे पुन्हा बारामतीच्या एसटीत बसलो होतो. बारामती स्टँडात शिरताना समोरून माळेगावची एसटी आली तेव्हा आबा खिडकीच्या बाजूला जरा सरकले, ती निघून गेल्यावर पुन्हा नीट बसले. मी माझं पत्रक वाचत राहिले. दुकानात मॅडमनी विचारलं, "आबा, एक वर्ष का दोन?"

आबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "दोन करा."