ग्लासगोत लायसन्स लागत नाही

इचलकरंजीहून निघाले त्या सकाळी आई रडली नाही. दारात रिक्षा उभी होती, सुहास, माझा नवरा, बॅगा चढवत होता, आणि ती माझे दोन्ही तळवे हातात घेऊन चोळत होती. कुठल्याही बाळाला किंवा बाळंतिणीला हात लावण्याआधी ती आपले तळवे असेच चोळून गरम करायची. "तिकडे थंडी फार," एवढंच म्हणाली, "हात गरम ठेव."

आईची मालिश आमच्या भागात नावाजलेली. शेवंताबाई आल्याशिवाय कित्येक घरांत बाळाची अंघोळ होत नसे. पण त्याच घरांत तिचा चहाचा कप वेगळा असे, मोरीजवळच्या कोनाड्यात पालथा घातलेला. चहा झाला की ती तो स्वतः धुऊन परत तिथेच ठेवायची. लहानपणी तिच्यासोबत जायचे तेव्हा मला तो कप फोडून टाकावासा वाटायचा. माझ्या लग्नात तिचं काम काय असं कुणी विचारलं, तर मामा घाईघाईने सांगत होता, "त्या घरीच असतात."

लंडनला सुहासची नोकरी होती आणि मी डिपेंडंट व्हिसावर. घरात बसून कंटाळले, तेव्हा कॉलेजात जाऊन मसाजचा डिप्लोमा केला. आईच्या हाताखाली शिकलेलंच बरंचसं होतं, फक्त हाडा-स्नायूंची नावं नव्याने घोकावी लागली. आमच्या बरोमध्ये, म्हणजे लंडनच्या आमच्या विभागात, मसाज करणाऱ्यांना कौन्सिलचं, तिथल्या नगरपालिकेचं, लायसन्स लागायचं. माझा फोटो लावलेलं ते लायसन्स मी काम करायचे त्या सलूनच्या भिंतीवर लागलं आणि मी आईला फोन केला. तिने गल्लीभर सांगितलं, "माझ्या लेकीला तिकडच्या सरकारने लायसन्स दिलंय." कोनाड्यातल्या त्या कपाला माझ्याकडे आता उत्तर होतं.

काम मात्र जीव काढणारं. एक क्लायंट उठला की दुसरा आडवा, मध्ये पाणी प्यायला सवड नाही. आम्ही सगळ्या सेल्फ-एम्प्लॉइड, त्यामुळे आजारी पडलं की बसा घरी उपाशी. संध्याकाळी अंगठे इतके दुखायचे की पोळ्या सुहासच लाटायचा, नकाशासारख्या. तरी भिंतीकडे पाहिलं की मला बरं वाटायचं.

मग सुहासची बदली ग्लासगोला झाली. युस्टन स्टेशनवर गाडीत घडीचं मसाज टेबल चढवताना माझ्या मनात एकच धास्ती होती. लंडनचं लायसन्स तिथे चालणार नव्हतं. नवं मिळालं नाही तर मी पुन्हा मालिशवालीची मुलगी.

पोचल्या आठवड्यातच कौन्सिलच्या ऑफिसात गेले. डिप्लोमा, इन्शुरन्स, पासपोर्ट, सगळ्याच्या झेरॉक्स नीट लावून. काउंटरवर मोराग नावाच्या बाई होत्या. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं. "तुमच्या कामाला इथे लायसन्स लागत नाही, हेन," त्या म्हणाल्या. इकडे बायका एकमेकींना मायेने हेन म्हणतात.

"मग लागत नाही असं लिहून द्या," मी म्हणाले.

आपल्याकडे एखादी गोष्ट नसल्याचाही दाखला मिळतो, हे त्यांना बिचारीला कसं कळणार. "नसलेल्या लायसन्सचा कागद मी कुठून आणू?" त्या म्हणाल्या, आणि मला तिथेच रडू फुटलं. का रडतेय हे सांगता सांगता आईचं, मामाचं, कपाचं, सगळं सांगून बसले. मागे रांग ताटकळत होती. मोराग मान एका बाजूला धरून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ही मान कधीची अवघडलीय. तुम्ही काम कुठे सुरू करताय?"

फियोना नावाच्या फिजिओने तिच्या क्लिनिकमध्ये मला एक खोली दिली होती. दोन क्लायंटच्या मध्ये विश्रांती घ्यायचीच, असा तिचा दंडक. "तुझे अंगठे मला टिकायला हवेत," ती म्हणायची. मोराग खरंच आल्या. मी तळवे चोळून त्यांच्या मानेवर ठेवले, आणि त्यांनी सोडलेला सुस्कारा थेट आमच्या गल्लीतल्या बायकांचा होता. पुढे त्यांची बहीण आली, मग बहिणीची शेजारीण. भिंत कोरीच होती आणि डायरी भरत होती. मोराग आणि फियोना, या दोघींचे उपकार मी विसरणार नाही.

आईला मात्र फोनवर सांगायला जड गेलं. "अगं, इथे लायसन्स नाही. लागतच नाही. लोक एकमेकांना विचारून येतात."

"म्हणजे माझ्यासारखंच की," ती म्हणाली. आवाजात हसू होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे आली. मी तिला क्लिनिक दाखवायला नेलं. फियोनाने किटली चढवली. ओट्यावर मग रांगेत मांडलेले होते. आई पुढे झाली, हात अर्ध्यात थांबवला आणि हळूच मला विचारलं, "यातला माझा कुठला?"

मी फियोनाला विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. "कुठलाही घ्या की," ती म्हणाली.

आईने निळा मग उचलला. चहा प्यायली आणि सवयीने धुवायला उठली, तेवढ्यात फियोनाने तो तिच्या हातातून घेतला, स्वतः विसळला आणि बाकीच्या मगांमध्ये ठेवून दिला. तुम्ही इचलकरंजीकडचे सगळे मला अजून विचारता, घरी कधी येणार. येईन ना. पण त्या दुपारी आई क्लिनिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन ऐसपैस बसली, तेव्हापासून ग्लासगोलाही मी घरच म्हणते.