स्वायत्त प्रदेश आणि झिबलाबाईची एक ओळ

वर्ध्यात आमच्या समितीने गोंडांसाठी स्वायत्त प्रदेश मागायचं ठरवलं, तेव्हा एक किरकोळ अडचण निघाली. नऊ सभासदांपैकी एकही गोंड नव्हता आणि गोंडवस्ती कुणी पाहिलेलीही नव्हती. पन्नासच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा नुकता मास्तर झालेलो. राज्यं नव्याने आखायला आयोग फिरत होता आणि ज्याच्या खिशात निवेदन नाही तो माणूस गावात मागासलेला समजला जाई. आमचा नकाशा तयार होता. राजधानी हिंगणघाट ठरली होती, कारण अध्यक्ष वकीलसाहेबांची सासुरवाडी तिथली. राहिले होते फक्त अंगठे. ते आणायला वकीलसाहेब आणि सुंदर अक्षरामुळे चिटणीस झालेला मी, असे निघालो.

हिंगणघाटपर्यंत पॅसेंजर, पुढे समुद्रपूरवरून गिरडपर्यंत मोटार. तिकीट आण्यांत, धूळ फुकट. तुम्ही जाल तर गिरडच्या टेकडीवरचा दर्गा चुकवू नका. आम्ही चुकवला. वकीलसाहेब म्हणाले, प्रदेश मिळाला की सवडीने पाहू. पुढचे दोन कोस भाड्याच्या बैलबंडीने, चैत्राच्या उन्हात, आणि त्यांनी काळा कोट काही काढला नाही.

वस्ती वीस-बावीस घरांची. अंगणं इतकी लख्ख सारवलेली की चपला कुठे काढाव्यात कळेना. पळसाच्या द्रोणात ज्वारीची आंबील मिळाली. मी दोनदा मागून घेतली. मग वकीलसाहेबांनी तासभर स्वायत्तता समजावली आणि म्हणाले, "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

एकही हात हलला नाही.

वस्तीतले वडीलधारे महादूबाबा म्हणाले, "आमच्यात हात मोजत नाई, साहेब. सारे हो म्हनतीन तवाच होते. एकाचं बी नाई असन तं बसून राह्याचं."

"आणि त्याने शेवटपर्यंत ऐकलंच नाही तर?"

"तं मंग त्याचं आपन ऐकाचं."

यांना राज्यकारभार शिकवावा लागेल, असं वकीलसाहेब माझ्या कानात पुटपुटले.

नाही म्हणणारी एकटी झिबलाबाई होती. विधवा, पदरात दोन मुली. आदल्या आठवड्यात जंगलखात्याच्या नाकेदाराने तिची मोहफुलांची टोपली हिसकावून घेतली होती, आणि उन्हाळाभर तिचं घर त्या फुलांवरच चालायचं.

"तुमच्या राजात मले मोहफूल वेचू देतीन का?"

"जंगल सरकारकडेच राहील, बाई."

"मंग आमच्याकडं काय राहीन?"

वकीलसाहेबांनी बोटांवर मोजून सांगितलं: मंडळ, अध्यक्ष, शिक्का, राजधानी.

"ते असू द्या. मोहाचं लिवा."

ऊन कललं. आमची परतीची मोटार चुकली. तिला कुणी दटावलं नाही की घाई केली नाही. मला आधी चीड आली होती, नंतर लाज वाटू लागली. शेवटी वकीलसाहेबच थकले. त्यांच्या सांगण्यावरून मी ओळ घातली: जंगलातली मोहफुलं आणि सरपण नेण्यास या लोकांना मज्जाव नसावा. वाचून दाखवल्यावर पहिला अंगठा तिनेच दिला. म्हणाली, "हे खोडू नोको, बाबू."

वर्ध्यात बैठक भरली. घटनात्मक मागणीत मोहफुलं शोभत नाहीत, आयोग हसेल, असं एकाने सुचवलं. मत घेतलं. आठ हात वर गेले. सगळे माझ्याकडे पाहू लागले, तसा मीही हात वर केला. मग ती ओळ गाळून पक्की प्रत मीच लिहिली आणि मागे अंगठ्यांचे कागद टाचले. अक्षराचं फार कौतुक झालं.

प्रदेश मिळाला नाही. त्याचं दुःख मला तेव्हाही नव्हतं. वर्षभराने हिंगणघाटच्या बाजारात आम्हाला वस्तीवर नेणारा तो बंडीवाला भेटला. झिबलाबाईला नाकेदाराने पुन्हा अडवलं होतं, असं त्याने सांगितलं. टोपली तर गेलीच, पण ती त्याच्या मागे मागे नाक्यापर्यंत सांगत गेली, "मले मनाई नाई. वर्ध्याच्या बाबूनं कागदावर लिवलं हाये. त्याले इचारजो."