अर्ध्यावर थांबलेला अध्याय

चर्चमध्ये मंडळीपुढे साक्ष द्यायला मी आजवर कधी उभा राहिलो नाही. दुसरे कोणी उभे राहून सांगू लागले, की ऐन संकटात एक अनोळखी माणूस धावून आला आणि प्रभूने वाचवलं, की मी बाकावर बसल्या बसल्या मनात म्हणायचो, हा माणूस नेमका कुठून आला, त्याला काय हवं होतं, याची चौकशी कोणी केली का? स्वभावच तसा. चौतीस वर्षं मी बसगाड्यांमध्ये तिकीट तपासनीस होतो. सोनगीरच्या फाट्यावर झाडाआड उभं राहायचं, अचानक हात दाखवून गाडी थांबवायची आणि आत शिरल्याबरोबर प्रवाशांच्या चेहऱ्यांवरून ओळखायचं, कोण बिनतिकीट आहे ते. निवृत्त झालो, धुळ्यात देवपुरातल्या घरी येऊन बसलो, पण नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाल्यापासून पाळकसाहेबांपर्यंत सगळ्यांना मी मनातल्या मनात तपासून पाही.

शास्त्रवाचनाचा, म्हणजे बायबल वाचायचा नेम माझा नव्हता, माझ्या बायकोचा होता. लग्न होऊन आली तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता एक अध्याय. पूर्वी ती मागच्या खोलीत स्वतःशीच पुटपुटत वाचायची. मग सहा-सात वर्षांपूर्वी अचानक तिने आपली खुर्ची पुढच्या खिडकीशी आणली आणि खड्या आवाजात वाचू लागली. मी पेपर वाचत असायचो. एवढ्या मोठ्याने कशाला, देवाला कमी ऐकू येतं का, असं मी तिला कितीदा तरी बोललो. ती नुसती हसायची आणि पुढची ओळ घ्यायची.

गेल्या वर्षी तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिने डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवलं. मी पाणी दिलं, शाल दिली, औषध दिलं. बोट हलेना. शेवटी शास्त्र काढून तिच्या मांडीवर ठेवलं, तर तिने ते ढकलून माझ्याकडे सरकवलं. वाच, म्हणजे. आणि मी वाचेपर्यंत ती चहाला तोंड लावेना. त्या दिवसापासून हे काम माझ्या गळ्यात पडलं. भक्तीने सुरू केलं असं म्हणालो तर ते खोटं होईल. तिने चहा प्यावा, गोळी घ्यावी, एवढ्यासाठीच मी वाचत होतो.

मला शंका होती, हिला काही कळतं तरी का? म्हणून मी माझ्या जुन्या पद्धतीने तपासलं. एके दिवशी वाचता वाचता मुद्दाम पान गाळलं. खाटेच्या कडेवर तिचा डावा तळहात पडला, थप. परत मागे गेलो. वंशावळींची लांबलचक नावं आली, की मी 'वगैरे' म्हणून पुढे सरकायचो, तेव्हाही थप. वाचेवाचून तिने मला पकडलं होतं. मग मी दुसरा मार्ग काढला. मोबाईलवर दहा मिनिटांची घंटी लावायची आणि ती वाजली, की असेल तिथे पुस्तक मिटायचं. कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत फुली मारायची. न वाचलेल्या दिवशीही मी दोन-तीनदा फुली मारली आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी धरणाऱ्याने हे केलं, आणि त्याची लाज मला आज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

आमच्या भिंतीला भिंत लागून नानांचं घर. नाना म्हणजे शिंदखेड्याकडचे कापूस पिकवणारे शेतकरी. शेती भावाकडे देऊन, बायको गेल्यावर मुलाकडे राहायला आलेले. वय पंच्याहत्तरच्या पुढे. सकाळी आमच्या खिडकीखालच्या सिमेंटच्या कट्ट्यावर चहाचा पेला घेऊन बसायचे. मी त्यांच्याकडे कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. पण एकदा घंटी वाजली, मी पुस्तक मिटलं आणि बाहेरून त्यांचा अहिराणीतला आवाज आला.

"भाऊ, अध्याय अर्धा सोडानं नही. वहिनी कव्हय सोडे नही."

मी चमकलोच. म्हणजे हा माणूस रोज ऐकतो. आपण कुठे थांबलो, हेसुद्धा त्याला माहीत आहे. त्या दिवशी माझ्या डोक्यात संशयाने जे घर केलं, ते काही केल्या निघेना. दिवस कसे आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. ओळखीच्या एका कुटुंबात घरच्या घरी प्रार्थना होती, शेजाऱ्याने धर्मांतराची तक्रार केली, चौकशीला माणसं आली, महिनाभर त्यांना झोप नव्हती. आमच्या घरात तर एक आजारी बाई आणि एक म्हातारा. उद्या कोणी म्हणालं, की हे मोठमोठ्याने वाचून शेजारच्या भोळ्या माणसाला नादी लावतात, तर मी काय उत्तर देणार? नानांचा मुलगा तर आधीपासूनच मला पाहून मान फिरवायचा. मला वाटलं, म्हाताऱ्याला त्यानेच बसवलं असणार.

हट्टापायी मी घंटी बंद केली आणि अध्याय पुरा करू लागलो. कोणाला बोट ठेवायला जागा नको, एवढंच मनात. दुसरीकडे पुढची खिडकी लावून घेतली, आवाज खाली आणला, बायकोची खाट मधल्या खोलीत सरकवली आणि पुढच्या दाराला वर एक जास्तीची कडी बसवून घेतली. बायकोने खिडकीकडे बोट दाखवलं. मी नाही म्हणालो. तिने पुन्हा दाखवलं. मी तिला सगळं समजावून सांगितलं, तक्रारीचं, चौकशीचं. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि त्या दिवशी चहा तसाच गार झाला. मला तिचा रागही आला आणि रडूही आलं. हिच्या काळजीपोटी करतो आहे आणि हीच रुसते, असं वाटलं.

खिडकी लावल्यावर चार दिवसांनी, वाचता वाचता मागच्या झरोक्यातून मला बाहेर सावली दिसली. उठून पाहिलं, तर मागच्या बोळात धुण्याच्या दगडाशी नाना उभे. झरोक्याकडे कान, डोळे मिटलेले. माझी खात्री पटली. मी मोबाईल काढला आणि झरोक्यातूनच त्यांचा फोटो घेतला. उद्या काही झालं तर पुरावा हाताशी असावा. संध्याकाळी जळगावला मुलीला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, पप्पा, म्हातारा माणूस आहे, ऐकू द्या ना. मी म्हणालो, तुला जग कळत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यातली ती सकाळ. आदल्या दिवशी अंगात कसर होती म्हणून मी रात्री नीट जेवलो नव्हतो. सकाळी सवयीप्रमाणे मधुमेहाचं इन्सुलिन घेतलं, आधी वाचन उरकू, मग खाऊ, असं ठरवून बसलो. नेमका नावांचा अध्याय. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा आणखी कोणी. गाळायची सोय नव्हती, थप बसली असती. निम्म्यावर आलो तेव्हा मानेवर घाम फुटला. हात थरथरू लागले. अक्षरं एकमेकांवर चढली. हे साखर उतरल्याचं आहे हे मला कळलं, साखरेचा डबा चार पावलांवर आहे हेही कळलं, पण पाय माझे राहिले नव्हते. खुर्चीवरून बाजूला कललो तो फरशीवर. बायको माझ्याकडे बघत होती. तिला उठता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. समोरची खिडकी बंद. दाराला दोन कड्या, त्यातली एक मीच नुकतीच बसवून घेतलेली. तिचा हात खाटेवर आपटत होता, थप, थप, थप. इतकंच मला आठवतं. देवाची आठवण झाली का? झाली, पण प्रार्थना म्हणून नाही. एवढंच वाटलं, की आता माझ्यामुळे हीसुद्धा जाणार.

पुढचं मला इतरांकडून कळलं. नाना मागच्या बोळात होते. नावं ऐकू येत होती आणि मधेच बंद झाली. ते थोडे थांबले. मी पाणी पीत असेन असं त्यांना वाटलं. मग त्यांनी हाक मारली, दोनदा, तीनदा. पुढच्या दाराशी जाऊन कडी वाजवली. आतून काही नाही. कामावर जायला मोटारसायकलवर बसलेल्या मुलाला त्यांनी खाली उतरवलं. त्याने मागच्या दाराची जुनी फळी लाथेने मोडली. त्याच मुलाने, जो मला पाहून मान फिरवायचा. माझी शुद्ध पुरती गेली नव्हती. त्याची बायको वैशाली हिने माझ्या गालात साखर धरली, आणि मला रिक्षात घालून त्याने दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर म्हणाले, अर्धा-पाऊण तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

दोन दिवसांनी घरी आलो. मुलगी जळगावहून आली होती. तिने मला आधी आईचा डावा तळहात दाखवला. खाटेवर आपटून आपटून तो काळानिळा पडला होता. मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. मला रिक्षातून नेलं तेव्हा घरी वैशाली आणि नाना थांबले होते. वैशालीने चहा केला, पण ही पिईना. फरशीवर पडलेल्या पुस्तकाकडे बोट. वैशालीला काही उमगेना. नानांना उमगलं. त्यांनी सुनेला पुस्तक उचलायला लावलं आणि जिथे मी थांबलो होतो तिथून पुढची सगळी नावं, एकही न गाळता, अडखळत अडखळत वाचून घेतली. अध्याय पुरा झाला तेव्हा हिने चहा घेतला. मी हे ऐकलं आणि तोंडावर टॉवेल घेऊन रडलो. हिला पक्षाघात झाला तेव्हा दवाखान्यातसुद्धा मी इतका रडलो नव्हतो.

संध्याकाळी मी नानांकडे गेलो. आभार मानायला गेलो होतो, पण तपासनीस आत जागा होताच. विचारलं, नाना, तुम्ही नेमके तिथे कसे? ते म्हणाले,

"आवाज अर्धामाच बंद पडना. तुम्ही आते अर्धा सोडतस नही. मंग मी उनू."

मग बोलता बोलता सगळं बाहेर आलं. गावी असताना श्रावणात त्यांची बायको पोथी वाचायची आणि हे ऐकायचे. वाचता येत नाही, त्यामुळे ऐकणं हाच त्यांचा नेम. ती गेल्यावर ऐकायला काही उरलं नाही. इथे राहायला आल्यावर एकदा त्यांनी माझ्या बायकोजवळ हे बोलून दाखवलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिने खुर्ची खिडकीशी आणली होती. सहा-सात वर्षं ती या माणसासाठी मोठ्याने वाचत होती आणि मी तिला आवाज कमी कर म्हणत होतो. तिने मला का सांगितलं नाही, याचा मी विचार केला. सांगितलं असतं तर मी नानांवर तेव्हापासूनच पाळत ठेवली असती, हे तिला पक्कं ठाऊक असणार.

मला राहवेना. मी मोबाईल काढून तो फोटो त्यांच्यापुढे धरला आणि कबूल केलं. म्हणालो, तुम्ही तक्रार कराल म्हणून हा पुरावा जमवला होता. नानांनी मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. मला वाटलं, आता मला घालवून देतील. पण ते मिश्कील हसले.

"मना पोर्‍या बी म्हने, जाऊ नको तठे, बाटवतीन तुले. मी म्हनं, मना दात बदलनात, डोया बदलनात, आते आखो काय बदलतीन?" आणि मग फोटोवर बोट ठेवून, "हाऊ फोटो मले द्या. मना फोटो कोनी काढत नही."

म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच संशय होता. मधे फक्त एक म्हातारा, ज्याला ऐकायचं होतं, आणि एक बाई, जिला वाचायचं होतं. त्यांना कसलीच भीती नव्हती. फोटो मी मोठा करून आणला. तो आज नानांच्या भिंतीवर त्यांच्या बायकोच्या फोटोशेजारी आहे. डोळे मिटलेले, कान आमच्या झरोक्याकडे.

हा चमत्कार होता का, मला सांगता येणार नाही. साखर उतरणं शरीराचा धर्म आहे आणि शेजाऱ्याने येणं शेजारधर्म. मी हा प्रसंग उलटसुलट करून पुष्कळ तपासला. एक गोष्ट मात्र माझ्या तपासात बसत नाही. ज्या चार कारणांनी आम्ही दोघं त्या दिवशी वाचलो, त्यातलं एकही माझं नव्हतं. तिचा नेम, नानांचं ऐकणं, अध्याय पुरा करायची त्यांनी मला लावलेली रीत आणि त्यांच्या मुलाची लाथ. माझी एकच गोष्ट त्यात होती, ती वरची कडी. देवबापाच्या हाती स्वतःला सोपवून देणं म्हणजे काही फार मोठं असतं असं मी समजत होतो. मला ते एक कडी काढण्याएवढंच जमलं. ती मी स्क्रू ड्रायव्हरने स्वतः काढली.

आता खाट पुन्हा खिडकीशी आहे. कॅलेंडरवर मी फुल्या मारत नाही, कारण न वाचून सुटका नाही. आतून थप आहे आणि बाहेरून नाना. आवाज खाली गेला, तर कट्ट्यावरून खाकरणं ऐकू येतं. नावांचे अध्याय मी सावकाश वाचतो. स्वभाव गेला आहे असं समजू नका, दूधवाल्याचं दूध मी अजूनही बोट बुडवून पाहतो. पण आपल्या आवाजावर कोणीतरी रोज कान ठेवून आहे, या विचाराने पूर्वी मी खिडकी लावून घेतली होती. आता सकाळी सातला त्याच भरवशावर मी पुस्तक उघडतो. अध्याय माझ्याने पुरा झाला नाही, तरी तो अर्धा राहणार नाही.