सुपेल्याकडून

"सुपेल्याकडून घे वं," गाडीत छातीवर हात धरून बसलेला मामा म्हणाला. सकाळची वेळ होती, दवाखाना सरळ रस्त्यावर, सुपेल्याचा बाजार उलट्या बाजूला. मी ऐकलं नाही. दवाखान्यात वेळेवर पोचलो, पण तिसऱ्या दिवशी मामा गेला... त्याला आता दीड महिना होईल.

हे सुपेल्याचं खूळ जुनं. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा हा पोरगा भिलाईच्या पोलाद कारखान्यात फिटर लागला. एकदा सायकल पंक्चर झाली, म्हणून सुपेल्याच्या दुकानात गेला आणि ड्यूटीवर दहा मिनिटं उशिरा पोचला. तेवढ्यात आंधी येऊन गेली होती, आणि स्टँडवर तो रोज सायकल लावायचा नेमक्या त्या जागी गुलमोहराची जाडजूड फांदी पडली होती. मामानं हात जोडले आणि ठरवून टाकलं, आपल्याला सुपेल्यानं वाचवलं. दुसऱ्या दिवसापासून जाता-येता सुपेल्याचा फेरा सुरू झाला. त्यासाठी तो घरून अर्धा तास लवकर निघायचा, म्हणजे रोजच्याच वेळेला पोचून रोजच्याच जागेवर सायकल लावायचा... थेट रिटायर होईपर्यंत.

मी दुर्गच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. घरात असं उदाहरण असताना पुस्तक कोण उघडतं? मामालाही एकदा समजावलं, की तुला उशिरानं वाचवलं, रस्त्यानं नाही. त्यानं शांतपणे चहा संपवला आणि विचारलं, "अन् उशीर कोणामुळं झाला?" पालथ्या घड्यावर पाणी. पण त्याच्यापुढे हरायलाही मला आवडायचं.

आणि आता हीच मास्तरीण दीड महिना स्वतःला कोसत होती, की त्या दिवशी सुपेल्याकडून नेलं असतं तर? विचारात चूक कुठं आहे ते कळत होतं, मन मानत नव्हतं. शेवटी मागच्या रविवारी मामीला सगळं सांगून टाकलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"बत्तीस वर्षं ते सुपेल्यातून गेले अन् वाचले," मामी म्हणाली. "मी तर घरीच होती. मीबी वाचलीच ना?"

इतकी वर्षं शिकवून मला जे सुचलं नाही, ते तिनं शेंगा सोलता सोलता सांगितलं. मी रडले, मग हसू आलं. मामाला हे कधी सांगितलं कावून नाही, असं विचारलं.

"कायले सांगू? रोज ताजी भाजी येत होती."

मामाची सायकल अजून अंगणात आहे. तिच्या हँडलची कापडी थैली मामीनं काढून माझ्या हातात दिली. मी दर रविवारी मामीकडे जाते. आज घरून अर्धा तास लवकर निघाले.