वीस किलोचा बोकड

सिरसाळ्याच्या शेळीबाजारात, बंकटच्या काट्याशेजारी ढेपीच्या पोत्यावर हारिस लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. बाप रहमतुल्ला ट्रॅक्टर खोलून दुरुस्त करायचा. पोरगं सॉफ्टवेअर शिकलं, अन् गावोगावचे काटे कॉम्प्युटरला जोडत फिरायला लागलं. अंगातलं पार तेल गेलतं.

"हारिसभाई, बोकडबी वीस किलो, करडूबी वीस किलो! हे कावून?" बंकट वरडला. काटा त्याचा, म्हणून शिव्याबी त्यालाच.

"माजा बोकड उपाशी असंल, करडू जेवून आलं असंल," धुळाजी मेंढपाळ म्हणाला. मग त्याचं हसू मावळलं. "तुज्या भरवशावर दलालाला माघारी धाडलं बे. त्यो बोकड कवळ्यात धरून उचलतो, अंदाज करतो अन् रुमालाखाली माजी बोटं दाबून भाव ठरवतो. दर टायमाला मीच कमी पडतो. आज काटा न्हाई चालला तर पुन्हा रुमालाखालीच हात घालायचा हाय."

"थांबा मामा, बघतो."

या सॉफ्टवेअरचे भाग सुटे. एक वजन घेतो, दुसरा पावती छापतो. कशाला काय जोडायचं ते मूळ कोडात नसतं, बाहेर एक्सएमएलच्या फायलीत साध्या ओळींत लिहितात. काटा बदलला की तेवढी ओळ बदलायची, कोडाला हात लावायचा न्हाई. ज्यानं ही रीत काढली त्याला हारिस आधी दुवा द्यायचा. आता दिंद्रुडचा काटा निराळा, धर्मापुरीचा निराळा. ओळी बदलून बदलून त्याची बोटं आंबली होती.

जोडणीची मोठी फाईल उघडली. वजनापुढं बंकटचाच काटा जोडलेला. सगळं बरोबर. पुन्हा सुरू केलं. करडू वीस किलो!

डोळे चोळताना आठवलं. प्रत्येक बाजाराची एक छोटी फाईल असते. ती मोठीच्या मागून वाचली जाते, अन् मागून येणारीचं चालतं. घरी चाचणी घेताना बोकड कुठून आणणार? म्हणून त्यानं कोडात एक नकली काटा बनवला होता. कायबी ठेवा, वीसच सांगणारा. छोट्या फायलीत तोच जोडलेला राहिलता.

"माजीच चूक हाय, मामा." ओळ खोडली, सुरू केलं. "चढवा बोकड."

"आता कावून इस्वास ठिऊ? आधी तू चढ."

हारिस काट्यावर चढला.

"एक्कावन!" बंकटनं आकडा वाचला.

"तुज्या लग्नात तर लई भरलेला होतास," धुळाजी म्हणाला. "ह्या कामानं खाल्लं बे तुला. उतर."

मग बोकड चढला. आकडा थरथरला, वीस ओलांडून वर गेला अन् थांबला. लांबून बघणारा दलाल खांद्यावरचा रुमाल काढून घाम पुसायला लागला.

हारिस पुन्हा पोत्यावर टेकला. उठायची ताकदच नव्हती.