फेसासाठी जागा

मुलांनो, तुम्ही तिकडे लांब यंत्रांचे आराखडे काढता, म्हणून हे लिहून ठेवते.

गेल्या हंगामात माझ्या धाकट्या दिरांनी बेंबळीजवळच्या गुऱ्हाळातली काहील उचलून बाजूला टाकली आणि रस आटवायला वाफेवर चालणारं बंद भांडं बसवलं. उघड्या काहिलीत रस उकळणं म्हणजे मागासलेपणा, असं पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलाचं मत. जन्मभर त्या काहिलीपाशी उभा राहिलेला म्हातारा गुळव्या घरी बसला.

भांड्याबरोबर इंग्रजी पुस्तिका आली होती. ती मी पेन्सिल घेऊन शेवटच्या पानापर्यंत वाचली. पुतण्याने बहुधा नुसतं वेष्टण फाडलं होतं. पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं: रस फेसाळणारा असेल तर त्याच्यावर भरपूर मोकळी जागा ठेवा, नाहीतर फेस वाफेच्या नळीत शिरेल. आमच्या विद्वानांनी भांड्याची उंचीच निम्मी करून घेतली होती. का? तर भांडं शेडमध्ये मावेना, आणि शेड उंच केलं तर समोरची दिरांच्या नावाची नवी कमान खुजी दिसली असती!

"भावजी, हे उंचीचं वाचलंत का?"

"वहिनी, तुम्ही इंग्रजी शिकवलंत. रस न्हाय आटवला."

"तुमच्या लेकानं तर दोन्ही नाही केलं."

दीर हसले. पुतण्या मोबाइलात बघत राहिला.

पूजा झाली, नारळ फुटला, वाफ सोडली. घटकाभरात फेस नळीत, नळीतून वाफ ओढणाऱ्या पंपात, आणि सगळा रस मागच्या नालीत. गांधीलमाश्यांची तेवढी चंगळ झाली. बाहेर तोडलेल्या उसाच्या गाड्या उभ्या. तोडलेला ऊस कोणाच्या हुशारीसाठी थांबत नाही. दोन-चार दिवसांत आंबायला लागतो.

त्याच संध्याकाळी दीर गुळव्याच्या दारात गेले. मीही गेले. हे मला चुकवायचं नव्हतं.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "बाई, बुकात फेसाचं काय लिहिलंय?"

मी सांगितलं.

"मग त्या बुकवाल्याला लई कळतंय. आमी काय हौस म्हणून काहील अर्धी रिकामी ठेवत व्हतो व्हय?"

दिरांनी मान खाली घातली. म्हाताऱ्यानं पायात चपला सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी काहील पुन्हा चुलवाणावर चढली. म्हाताऱ्यानं रस निवळायला रानभेंडी मागवली, रसावरची मळी काढली, आणि ऊस वाचला. पुतण्या पुण्याला परतला. पुस्तिका न्यायची त्याला आठवण झाली नाही. कमान अजून उभी आहे. गुळव्या रोज सकाळी वर न बघता तिच्याखालून आत जातो.