चार टीबीची डिस्क आणि अवनीच्या आईची मेंदी

लग्नघरात बायकांच्या खोलीत पुरुष कॅमेरावाला चालत नसे, म्हणून उम्मेहानी तांबोळी लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यात आल्या. हळद, मेंदी, रुसवेफुगवे, बिदाईची रडारड, सगळं त्यांनी टिपलं. हडपसरच्या घरात कॅसेटींनी त्यांचं कपाट भरलं होतं.

आता त्या कॅसेटींना बुरशी धरू लागली. त्यातच अवनी नावाची एक मुलगी दारात उभी राहिली. "मावशी, माझ्या आईच्या लग्नाचं शूटिंग तुम्हीच केलं होतंत ना? आई गेली तेव्हा मी तान्ही होते. तिला चालताबोलता बघितलंच नाही मी."

सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायला उम्मेहानींनी लगोलग नारायण पेठेतून चार टीबीची डिस्क आणली आणि इथून वैताग सुरू झाला. कॅसेटवरचं चित्रण कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं कार्ड चालायचं फक्त त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर. त्याने डिस्क पाहिली आणि चारच्या जागी जेमतेम दीड टीबी दाखवली.

"उरलेली काय उंदरांनी खाल्ली?" त्यांनी डिस्कच्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आपली सिस्टीम जुनी आहे. एवढी मोठी डिस्क चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, तिच्यासाठी निघत नाही. नवा कॉम्प्युटर घ्या."

नवा लॅपटॉप घरात होता, पण त्यावर कार्ड चालेना. कार्डवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "नव्या सिस्टीमसाठी आमचा ड्रायव्हर बंद झाला. जुनाच कॉम्प्युटर वापरा."

"म्हणजे एकाला जुनं चालत नाही, दुसऱ्याला नवं! मी मध्ये बसून काय करू?"

"आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?" पलीकडून गोड आवाज आला. उम्मेहानींनी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी अख्खा कॉम्प्युटर रिक्षात घालून त्या नारायण पेठेतल्या दुकानात गेल्या. दुकानदार आमोदने चष्म्यावरून पाहिलं. "जुन्या कॉम्प्युटरला पाचशे जीबीची छोटी डिस्क लावा. तिच्यावर कॅसेट उतरवा, ती लॅपटॉपला जोडा, तिथून मोठीवर टाका."

"हे डिस्क विकताना का नाही सांगितलंत?"

"आपण विचारलं नाहीत."

उम्मेहानींनी पुटपुटतच छोटी डिस्क घेतली.

मग रोज तोच फेरा: उतरवा, काढा, जोडा, पुन्हा काढा. मध्येच जुना कॉम्प्युटर खटकन बंद पडे, की अर्धी कॅसेट पहिल्यापासून. बोटं दुखली, तोंड तर सारखं चालूच होतं. पण अवनीच्या आईची कॅसेट अखेर लॅपटॉपच्या पडद्यावर आली. उम्मेहानींनी अवनीला बोलावून घेतलं.

ओल्या मेंदीचे हात वर धरून नवरी मुलगी बसली होती. कुणीतरी तिला लाडू भरवत होतं आणि ती हसता हसता ठसकली. "पाणी द्या गं!" ती ओरडली.

अवनी पडद्याच्या अगदी जवळ सरकली. "माझाच आवाज आहे हा," ती म्हणाली, आणि तिने तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

उम्मेहानींनी तो लावला. किती वेळा, ते त्यांनी मोजलं नाही.